साहेबांच्या दारातली काहील

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायला चुलवाणावर ठेवतात ना, ती पसरट, अवाढव्य लोखंडी कढई. सध्या माझा मुक्काम कोल्हापुरात, एका मंत्र्यांच्या संपर्क कार्यालयाच्या दारात आहे. माझ्या पोटात माती भरली आहे आणि मातीत शेवंती लावली आहे. येणारेजाणारे माझ्यापाशी उभे राहून फोटो काढतात. यावर हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

माझा जन्म शिरोळकडच्या एका नदीकाठच्या गावातला. लोहारांनी पत्रे ठोकून मला घडवलं आणि आकारामच्या गुऱ्हाळात चुलवाणावर बसवलं. काय ते दिवस! रस रटरटायचा, वर मळी यायची, गुळाचा वास नदीपलीकडं जायचा. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? पण गावानं मला खरा मान दिला तो पावसाळ्यात. नदी गल्लीत शिरली की माणसं मला चुलवाणावरून उतरवून पाण्यावर सोडत. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकरांना माझ्यात बसवत. आकाराम आणि त्याचा शेजारी पार्श्वनाथ, दोघेही पट्टीचे पोहणारे, माझा काठ धरून मला ढकलत माळावर नेत. आकारामची बायको धोंडुबाई कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळली होती. तिला सगळ्यांच्या आधी बसवत. ती पुटपुटायची, "बाई, नीट ने गं." मी तिच्या लुगड्याला कधी पाणी लागू दिलं नाही.

पुढं गावाच्या खालच्या अंगाला नवा हमरस्ता झाला. त्याला मातीचा उंच भराव घातला आणि पुराच्या पाण्याची वाटच तुंबली. ओसरीवरून माघारी फिरणारं पाणी आता आढ्याला लागू लागलं. तोवर गावातली बाकीची गुऱ्हाळं बंद पडली होती, त्यांच्या काहिली भंगारात गेल्या होत्या. गावाला आता मी एकटीच उरले होते.

अशाच एका पुरात यशराजदादा आले. निवडणूक तोंडावर आली होती आणि ते उमेदवार होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते माझ्यात बसले. पुढं फोटोवाले, मागं फोटोवाले. माळावर उतरल्यावर त्यांचे डोळे भरून आले. ते रडणं खरं होतं की काय, मला आजही कळलेलं नाही. त्यांनी बिरोबाच्या देवळातून भंडारा मागवला, ती हळद मुठीत धरली आणि गरजले, "ह्यो भराव फोडून खाली पाणी जायाला कमानी बांधतो. न्हाय बांधल्या तर ह्या गावाला तोंड दावणार न्हाय!"

आमच्याकडं भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याच्यापुढं कुणी काही विचारत नाही. गावानं झाडून सारी मतं दादांना दिली.

दादा निवडून आले, मंत्री झाले. गावात सत्कार झाला आणि तिथं त्यांनी चक्क मलाच मागितलं. "ही काईल माझ्या दारात ऱ्हाऊ द्या. रोज नजरंला पडंल, म्हंजे शब्दाचा इसर पडायचा न्हाय." माणसांनी टाळ्या पिटल्या.

मला न्यायला ट्रॉली आली तेव्हा धोंडुबाई तेवढी अंथरुणावरून ओरडली, "अवो, आदी कमानी हू द्यात की! मग द्या काय द्याचं त्ये."

आकाराम तिच्यावरच खेकसला. "भंडारा उचललाय त्यानं. आता पूर कुठनं येतोय? द्येवावर तरी इस्वास ठेव की!"

मला ट्रॉलीत घालून कोल्हापूरला आणलं. माती भरायच्या आधी माळ्यानं माझ्या बुडाला भोकं पाडली, पाणी साचून झाडं कुजू नयेत म्हणून. ज्या बुडानं जन्मभर पाण्याला आत येऊ दिलं नाही, त्याची ही दशा!

मग एक दिवस माझ्याच शेजारी उभं राहून दादा, म्हणजे आताचे साहेब, पत्रकारांना म्हणाले, "भराव फोडणं विकासाला परवडणारं नाही. उलट हमरस्ता पाण्याखाली जाऊ नये म्हणून आम्ही तो आणखी उंच करतोय." कुणीतरी भंडाऱ्याची आठवण काढली. साहेब हसले. "भावनेच्या भरात माणूस बोलून जातो हो." मला वाटलं, जागच्या जागी दुभंगावं. पण लोखंडाला तेवढीही मुभा नसते.

भराव उंच झाला आणि पुढच्याच पावसाळ्यात नदी फुगली. गल्लीत पाणी यायला लागताच आकाराम, धोंडुबाईला पार्श्वनाथच्या हवाली करून, मला न्यायला ट्रॅक्टर घेऊन धावत आला. त्यानं शेवंती उपटली, हातांनी माती उपसली. बुडाशी पोचला तेव्हा त्याची बोटं भोकांतून आरपार गेली.

"हिला भोकं पाडलीसा व्हय?" एवढंच तो म्हणाला.

साहेब बाहेर आले. "तात्या, घाबरू नका. सरकारी बोट पाठवतो की."

आकाराम रिकाम्या ट्रॅक्टरनं परत गेला; माळ्यानं माझ्यात पुन्हा माती भरून शेवंती लावली. पुढचं पार्श्वनाथनं येऊन सांगितलं. बोटीची वाट बघून ते थकले. पाणी आढ्याला टेकलं, तेव्हा आकारामनं धोंडुबाईला धोतरानं पाठीशी बांधलं आणि तो व पार्श्वनाथ पाण्यात उतरले. आकाराम माळाला लागला, तेव्हा पाठीवर नुसतं धोतर होतं. बोट दुसऱ्या दिवशी आली.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. मीही मागते. कुणी कितीही रडलं, कुणी कितीही शपथा घेतल्या, तरी ज्याच्या आधारानं तुमची माणसं तगतात ते शब्दावर देऊन टाकू नका. तुम्ही ऐकाल, अशी मला आता फारशी आशा नाही.

पूर ओसरल्यावर आकाराम पार्श्वनाथबरोबर आला होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीकडं. ऑफिसातल्या माणसानं नरमाईनं सांगितलं, "साहेबांनी काहील परत द्यायला सांगितलीय. भोकं बुजवून देतो. कधी नेताय?"

आकारामनं माझ्या काठावरून हात फिरवला.

"न्हेऊन काय करू?" तो म्हणाला. "आता हिच्यात बसवू कुणाला?"