सरावापुरती

मी पिपाणी बोलतेय, पण जत्रेतली नव्हे. बॅगपाइप शिकणाऱ्याच्या हातात पिशवी द्यायच्या आधी ज्या काळ्या नळीवर सूर घोटून घेतात, ती मी. चँटर म्हणतात मला. पोटात एवढीशी रीड असते, ती थरथरली की सूर निघतो. सहा महिने मला उष्टी करायची आणि पिशवी मिळाली की कोनाड्यात टाकायची, असला माझा जन्म.

मेरठच्या कारखान्यातून मी राजारामपुरीत आले, फक्रुद्दीनच्या बँडच्या दुकानात. वराती डीजेनं पळवल्या म्हणून त्यानं चार बॅगपाइप घेतले, आणि शिकायला मी एकटी. शिकवायला पलटणीतून रिटायर झालेले आकाराम मास्तर.

शिकणारे चौघं. सगळे जुने क्लॅरनेटवाले, शिरोलीच्या फौंड्रीतून सुटून यायचे. क्लॅरनेटवर जिभेनं सूर तोडतात. माझ्यात ते चालत नाही. वारा अखंड सोडायचा आणि बोट आपटून सूर वेगळा करायचा. पण वीस वर्षांची सवय लागलेली जीभ ऐकते होय? थू थू करत बसले. माझ्या पोटात थुंकीच जास्त. त्यातला ढ म्हणजे फक्रुद्दीनचा भाचा रिजवान. गाल भोपळ्यासारखे फुगवायचा आणि डोळे पांढरे करायचा.

चहा घेऊन यायची ती नुजहत, फक्रुद्दीनची बायको, बेचाळिशीची. तिनं माहेरची चूल सोडली तर जन्मात काही फुंकलं नव्हतं. म्हणून मोडायला वाईट खोडच नव्हती. रोज दुपारी मला पदरानं, म्हणजे ओढणीनं पुसून, बोटं सपाट टाकून बसायची. महिन्यात सगळे सूर स्वच्छ.

मास्तरांनी ऐकलं आणि तिथंच सांगितलं, "फक्रुद्दीनभाई, पिशवी झेपंल ती वैनीस्नीच."

फक्रुद्दीन हसला. नुजहतला म्हणाला, आधी ह्या चौघांना तयार कर, पहिल्या ऑर्डरला जो कच्चा राहील त्याचा बाजा तुझा. तिनं खरं मानलं. चार महिने त्या दांडग्या गड्यांच्या जिभा वळणावर आणल्या. तिघं वाजवायला लागले. रिजवान काही सुधरला नाही. मग तिनं शिंप्याकडून बँडचा लाल कोट शिवून घेतला.

कबनूरची वरात आली. गाडीत बसताना चौथा बाजा फक्रुद्दीननं रिजवानच्याच हातात दिला. बेसूर निघू नये म्हणून आतली रीड काढून बूच मारलेलं.

"तू नुसता फुगवून धर आणि बोटं हलीव," म्हणाला.

नुजहत कोट घालून दारात उभी होती. तिच्याकडं न बघताच बोलला, "बाईमाणूस बघून पावणं हसत्याल. तू सरावापुरतीच बरी हाईस."

तो शब्द माझ्या ओळखीचा होता.

गाडी गेली. नुजहतनं मला मधोमध उघडलं, रीड काढली आणि ओढणीच्या टोकात घालून गच्च गाठ मारली.

आता नवीन गडी शिकायला आलेत. मला तोंडाला लावतात, नुसती हवा जाते. काल फक्रुद्दीन घर डोक्यावर घेऊन रीड शोधत होता. नुजहत भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली,

"कशाला पायजे? रिजवानला कुठं लागली?"

सूर गेला, म्हणून तर मी अशी बोलत सुटलेय. रीड काय, एक फोन केला की नवी येते. खुशाल आणा. पण आधी त्या बाईच्या काखेत पिशवी द्या. नाहीतर बसा फुंकत.