गॅलरीतल्या यंत्राला धूप

देवनारच्या कचरा डम्पिंगचा धूर वस्तीत किती येतो ते मोजायला आम्ही चार यंत्रं बसवली होती. त्यातलं एक शाळेच्या गच्चीवर, आणि एक डॉ. मालन परब यांच्याच गॅलरीत. मी त्यांची साहाय्यक. हवेतल्या धूलिकणांवर संशोधन करण्यात मॅडमची उमेदीची वर्षं गेली. बाहेरून बोलावणी आली, पण ज्या वस्तीत वाढल्या ती त्यांनी सोडली नाही. रविवारी गल्लीतल्या लोकांची बैठक, सोमवारी पुन्हा प्रयोगशाळा.

वॉर्ड ऑफिसातल्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी आलेख तपासत होतो. शाळेजवळ कायमचं हवामापन केंद्र मिळणार का, ते या आकड्यांवर ठरणार होतं. गॅलरीतल्या यंत्राचा आलेख सगळ्यांत जोरदार होता. रोज दिवेलागणीला उंच सुळका.

तेवढ्यात मॅडमच्या आई, कमलआजी, धुपाटणं घेऊन आल्या. देवाला धूप दाखवला आणि तशाच गॅलरीत जाऊन यंत्राभोवतीही फिरवला.

"आजी, हे काय?"

"देवाक दाखवतंय, मगे ह्याका नको? माझ्या चेडवाचा पोट ह्याच्यावर चालता."

पडद्यावरचा आकडा सरसर चढला. मॅडम आधी हसल्या, मग डोकं धरून बसल्या. "रोज आठनंतर घरी येते गं मी. आणि या घराला लहानपणापासून हाच वास. मला तो येतच नाही."

"मॅडम, कुणाला कळणारे?"

"आपल्याला कळलं ना? काढ ते आकडे."

"केस कमजोर होईल."

"होईल. दिशा, कॉलेजच्या अंकासाठी तू मला नेतृत्वावर विचारत होतीस ना? भाषण मला जमत नाही. चूक समोरच्याने शोधायच्या आधी आपण सांगायची, आणि सांगताना टीमकडे बोट करायचं नाही. बास. आणि आईला यातलं काही बोलू नकोस, धूप बंद करेल ती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरुवातच तिथून केली. "चारपैकी एक यंत्र मी चुकीच्या जागी बसवलं. माझ्या घरी धूप जळतो. ते आकडे वगळलेत."

मागून शाळेचे शिपाई नंदकुमार पुटपुटले, "वाट लावली मॅडमनी."

अधिकाऱ्यांनी उरलेले तीन आलेख ओढून घेतले. हे सुळके बुटके होते, पण वारा डम्पिंगकडून वाहिला की तिन्ही एकदम उठत. ते बराच वेळ पानं उलटत राहिले.

"केंद्र आत्ता नाही देता येणार," ते म्हणाले. "पण आमचं एक यंत्र तुमच्या यंत्राशेजारी ठेवू. शाळेच्या गच्चीवर. दोन्हींचे आकडे जुळले तर पुढचं मी बघतो."

मॅडमनी मान डोलावली. मला ते कमीच वाटलं.

"गच्चीची चावी कोणाकडे असते?" साहेबांनी विचारलं.

नंदकुमार उभे राहिले. "माझ्याकडे, साहेब. आणि वर कुणी धूप-बीप नेणार नाही, त्याची जबाबदारी माझी."