कागदापुरतं लग्न

लग्न लागलं त्या दिवशी दुपारी मी डोंबिवलीला आमच्याच घरी येऊन सकाळची आमटी गरम करून जेवले. नवरा त्याच्या आईवडिलांबरोबर ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या त्यांच्या घरी गेला. मंगळसूत्र सासूबाईंनी हॉलमध्येच माझ्या गळ्यातून काढून डबीत ठेवलं होतं. "खरं लग्न होईल तेव्हा घाल हं," असं त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसू येत होतं.

ही पद्धत आमच्याकडे आता चांगली रुळली आहे. मुलगा परदेशात असतो. मुलीच्या व्हिसाला महिनेच्या महिने लागतात, व्हिसाला लग्नाचा दाखला लागतो आणि दाखल्याला लग्न लागतं. मग थाटाच्या लग्नाआधी एक लग्न गुपचूप उरकून घ्यायचं. दाखल्याच्या अर्जाला जोडायला म्हणून मोजक्या पत्रिका छापायच्या, त्या कुणाला द्यायच्या नाहीत. श्रावण चालू होता, मुहूर्त नव्हता, तर गुरुजींनी काढीव मुहूर्त काढला. होम पेटवला, सप्तपदी झाली, फोटोग्राफर प्रत्येक पावलाला "जरा थांबा" म्हणत होता. खरं लग्न वैशाखात, केदारला सुट्टी मिळाली की. तोवर केदारच्या आईला, मंदाकिनीबाईंना, आई म्हणायचं की काकू, हे मला कुणी सांगितलं नाही. मी नुसतं "अहो" म्हणून वेळ मारून नेत होते.

केदार कॅनडात 'सेटल्ड' आहे, असं वधूवर मंडळातून कळलं होतं. माझ्या बाबांनी, म्हणजे श्रीपादरावांनी, पत्रिका जुळवली, गोत्र पाहिलं, रक्तगटसुद्धा विचारला. मुलगा तिथे कुठल्या परवान्यावर राहतो, हे मात्र विचारलं नाही. असं विचारणं बरं दिसत नाही म्हणे. रक्तगट विचारणं बरं दिसतं.

'सेटल्ड' म्हणजे काय ते मला लग्न लागल्यावर कळलं, माजिवड्याच्या व्हिसा सल्लागाराकडे. केदार शिकायला गेला तो विद्यार्थी म्हणून. शिक्षण संपल्यावर त्याला काम करायचा परवाना मिळाला, पण तो ठरावीक मुदतीचा. मुदत संपायच्या आत कायमचं राहायची परवानगी, म्हणजे पीआर, मिळाली नाही तर सामान बांधून परत यायचं. पीआरला पॉइंट लागतात. वय, शिक्षण, इंग्रजी, नोकरी, सगळ्याचे पॉइंट. केदारचे कमी पडत होते. थोडक्यात, सेटल्ड तो नव्हताच, त्याच्या आईचं मन तेवढं सेटल्ड होतं.

सल्लागार म्हणाला, "मॅडमचा आत्ताचा पासपोर्ट चालेल. नाव बदलायची गरज नाही. दाखला जोडून फाईल लगेच टाकून देऊ."

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "छे! आमच्या घरचं नाव लावूनच जायचं. तिकडे उतरल्यावर वडिलांचं नाव कशाला?"

सल्लागारानं माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे आणि बाबांनी मंदाकिनीबाईंकडे बघून मान डोलावली. मग आधी आधार बदलायचं, मग पॅन, मग पासपोर्ट, मग पोलीस व्हेरिफिकेशन. नवं नाव छापलेला पासपोर्ट हातात आला तेव्हा संक्रांतीचे तिळगूळ संपले होते. आणि त्याच जानेवारीत कॅनडानं नियम बदलला होता. आता सरसकट प्रत्येकाच्या बायकोला कामाचा परवाना मिळणार नव्हता. नवऱ्याची नोकरी ठरावीक वरच्या यादीतली हवी. केदार 'रिटेल मॅनेजमेंट'मध्ये होता, म्हणजे किराणा मालाच्या मोठ्या दुकानात शिफ्ट सुपरवायझर. कामात कमीपणा काहीच नाही, पण ते त्या यादीत नव्हतं. फाईल श्रावणातच गेली असती तर जुना नियम लागला असता. हे मी घरी एकदाच बोलले. बाबा म्हणाले, "झालं गेलं कशाला उकरतेस?"

तरी फाईल टाकलीच, आणि चैत्रात नकार आला. तोवर मी ठाण्याच्या हॉस्पिटलमधली फिजिओथेरपिस्टची नोकरी सोडून बसले होते, कारण कुठल्याही दिवशी विमानात बसायचं होतं. वैशाखातलं लग्न 'पुढे ढकललं' गेलं. केदारचे फोन आधी रोज यायचे, मग रविवारी, मग रविवारीही त्याला शिफ्ट असायची.

ज्येष्ठात केदारच्या घरच्यांनी आम्हाला ठाण्याला बोलावलं. मी आणि बाबा गेलो. तिथे मंदाकिनीबाई, त्यांचे वकील दीर सुधीरकाका, आणि टीपॉयवर फळांच्या टोपलीला टेकवलेल्या फोनमध्ये केदार. चहा झाला. लग्नाचं काय हे आज ठरणार, एवढं मला कळत होतं.

"ऐक ना क्षिप्रा," केदार म्हणाला, "मी सिंगल असलो ना, तर माझे पॉइंट वाढतात. माझं परमिट संपत आलंय यार. सिस्टीमच तशी आहे."

"मला माहितेय सिस्टीम," मी म्हणाले. नोकरी नसल्यावर माणूस पुष्कळ वाचतो. "बायको सोबत येणार नाही असं लिहिलंस तरी सिंगल माणसाएवढेच पॉइंट धरतात. तसं लिही. मी राहते इथे. तुझं पीआर झालं की मला बोलव. कुणाला काही खोटं सांगायला नको."

फोन अडकला असं मला वाटलं. पण मागे पंखा फिरताना दिसत होता.

"ते माहितेय मला," तो शेवटी म्हणाला. "पण मग ते... लाँग टर्म अडकल्यासारखं होतं ना."

असं होतं तर. पॉइंटांचं निमित्त होतं. एवढे महिने मी कॅनडाला शिव्या घालत होते, त्या बिचाऱ्या देशाचा काही दोष नव्हता.

सुधीरकाकांनी घसा साफ केला. "घटस्फोटाला वेळ जातो आणि दोघांच्याही नावापुढे ते कायमचं लागतं. त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. विधी झालेच नसतील, तर नुसता दाखला म्हणजे लग्न नव्हे. दोघांनी मिळून कोर्टात सांगायचं की सप्तपदी वगैरे काही झालं नाही, व्हिसासाठी फक्त फोटो काढले. की लग्न मुळात झालंच नव्हतं असं ठरतं."

"आणि खरंच, झालंच कुठे?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "एक दिवस तरी तू या घरात राहिलीस का? तुझ्याच भल्याचं सांगते. पुन्हा मंडळात नाव घालता येईल, अविवाहित म्हणून."

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. एक सही, की गेलं वर्ष पुसलं जाणार होतं. कुणाच्या हळदीकुंकवाला गेलं की बायका "काय मग, कधी?" एवढंच विचारणार होत्या. पण पुसून कुणाला द्यायचं होतं ते? त्यांच्याच मुलाला. त्याला कोरं करून हवं होतं आणि त्यासाठी मी न घडल्यासारखी व्हायचं होतं.

"पण सप्तपदी झालीय," मी म्हणाले. "सातही पावलं. फोटो आहेत."

"फोटोसाठीच तर चाललात ना," सुधीरकाका हसले आणि बाबांकडे वळले. "श्रीपादराव, तुम्ही तिथे होतात. तुम्हीच सांगा. विधी झाले होते का हो?"

बाबा टीपॉयकडे बघत होते. माझ्या बाबांनी कधी बिनतिकीट प्रवास केलेला नाही. दुकानदारानं चुकून जास्त सुट्टे दिले तर जिना उतरून परत द्यायला जातात.

"नाही," ते म्हणाले. "म्हणजे घाईघाईत... तसं काही झालं नव्हतं."

"बाबा, कन्यादान तुम्ही केलंत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, चढू दे. "माझ्या ओंजळीवर पाणी सोडताना तुमचा हात इतका थरथरत होता की गुरुजी मंत्र थांबवून म्हणाले, सावकाश होऊ द्या. तुम्ही उपरण्यानं डोळे पुसत होतात. फोटोसाठी रडलात?"

"घरी बोलू," बाबा म्हणाले.

"इथेच बोलते. मी घटस्फोट देईन. आपखुशीनं, काही न मागता, लागेल तेवढा वेळ लागू दे. पण लग्न झालंच नाही असं मी कुठल्याही कोर्टात सांगणार नाही."

"हट्ट आहे नुसता!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. केदार म्हणाला, त्याला शिफ्टला निघायचंय, आणि फोन बंद झाला.

खाली रस्त्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "त्याला काय, तो मुलगा आहे. त्याला पुन्हा मिळेल कुणीतरी. घटस्फोटित म्हणून तुला कोण करून घेणार? तुझ्यासाठी बोललो गं मी."

माझ्यासाठीच बोलले होते, ते मला ठाऊक होतं. त्यामुळेच राग कुठे ठेवावा ते कळेना. केदारवर चिडून मोकळं होता येत होतं. यांच्यावर चिडायचं तर माझं डोकं दुखलं की हेच संध्याकाळी औषध आणायला जाणार.

घरी आईनं दार उघडलं. पदराला हात पुसत तिनं माझ्याकडे आणि मग बाबांकडे बघितलं.

"काय ठरलं?"

बाबांनी चपला काढून नीट भिंतीला लावल्या. "काय ठरायचंय? सुटायचा मार्ग दिला होता त्यांनी. पण हिला त्याची बायको म्हणूनच राहायचंय."

मी घटस्फोट द्यायला तयार होऊन आले होते, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगून. माझ्यासाठी खोटं बोललेल्या माझ्या बापाला तेवढंही ऐकू आलं नव्हतं.