पहिल्या बटणाचा अपराध

मित्रांनो, कोपऱ्यातल्या तिपाईवर पांढऱ्या रुमालाखाली झाकलेला तो जुना टेलिफोन म्हणजे मीच. दिसायला अजून बरा आहे, आवाजही खणखणीत आहे. पण मनात एक सल आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा आकड्यांच्या बटणांशेजारी आणखी आठ बटणं बसवली होती. प्रत्येक बटणात एक नंबर साठवायचा आणि हवा तेव्हा नुसतं ते बटण दाबायचं. या गुणाचा मला खोक्यात असल्यापासूनच तोरा होता.

मी ज्या घरात आलो तिथे दोनच माणसं होती. लेक एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर नुकतीच कामाला लागली होती. तिचे बाबा छापखान्यात आयुष्यभर अक्षरांचे खिळे जुळवून निवृत्त झाले होते. जुनं घर सोडून दोघं नुकतीच इथे राहायला आली होती. रोज सकाळी अकरा वाजता बाबा लेकीला दवाखान्यात फोन लावत. एकेक आकडा मोठ्याने म्हणत, चुकले की स्वतःलाच दटावत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. तरी दिवसाआड फोन एका लाँड्रीवाल्याला जायचा आणि तो वैतागायचा.

शेवटी लेकीने आपला नंबर माझ्या पहिल्या बटणात साठवला.

"अगं, नको. अशाने विसरेन मी," बाबा म्हणाले.

"विसरा की! लक्षात ठेवायला हा आहे ना," असं म्हणून तिने माझ्या पाठीवर थोपटलं.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढची दोन वर्षं बाबा रोज अकराला एक बटण दाबत आणि मी लगेच लेकीला गाठून देत असे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते माझं कौतुक सांगत. ते ऐकायला मला फार आवडायचं, हे कबूल करतो.

मग एके दुपारी बाबा डोळे तपासायला एकटेच गेले आणि परतताना चुकीच्या बसमध्ये बसले. पुढचं मी नंतर बाबांच्याच तोंडून ऐकलं. शेवटच्या थांब्यावर डेपोतल्या कारकुनाने आपला फोन त्यांच्यापुढे सरकवला. बाबांनी सवयीने त्याचं वरचं पहिलं बटण दाबलं आणि कानाला लावून वाट बघत राहिले.

"आजोबा, नंबर लावा ना!"

"लावला की. पोरगी उचलत नाहीये."

कारकुनाने नंबर विचारला तेव्हा बाबांना लेकीचा आठवेना. घरचा नंबर तर त्यांनी स्वतः कधी लावलाच नव्हता. खूप आठवून त्यांनी एक नंबर सांगितला, तो निघाला छापखान्याचा. छापखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. पत्ताही त्यांनी जुन्याच घराचा दिला.

इकडे साडेपाचला लेक घरी आली. दोन तास ती माझ्यासमोर बसून दवाखान्यांना, पोलिसांना फोन करत होती. बाबांना तिचा नंबर पाठ नाही हे मला माहीत होतं, आणि मी शरमेने मेलो होतो. साडेसातच्या सुमारास मी वाजलो. डेपोतल्या एका कंडक्टरने बाबांना त्या जुन्या पत्त्यावर पोचवलं होतं. तिथल्या शेजारीण मावशी दर रविवारी लेकीशी गप्पा मारायला आमचा नंबर लावत, त्यामुळे त्यांना तो तोंडपाठ होता.

घरी आल्यावर बाबा माझ्याशेजारीच बसले. "छापखान्याचा आठवला, पोटच्या पोरीचा नाही. कसला बाप मी!" असं म्हणून ते रडले. "असू द्या हो," लेक म्हणाली, पण तिने तोंड फिरवलं. तिला लागलं होतं.

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की यात माया कमीजास्त नाही! छापखान्याचा नंबर त्यांनी तीस वर्षं आठवून आठवून लावला, चुकून पुन्हा लावला, म्हणून तो मनात रुजला. लेकीचा नंबर मी त्यांना एकदाही आठवू दिला नाही. रोज आयता हातात दिला आणि वर शाबासकी घेतली. पण मला वाजता येतं, बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी लेकीला बटणातला नंबर काढून टाकायला लावला. आता ते नंबराचा कागद माझ्याखाली पालथा ठेवतात आणि आधी आठवून बघतात. लाँड्रीवाला हल्ली वैतागत नाही. "आजोबा, शेवटचा आकडा चुकला," एवढंच सांगतो. मात्र लेक बाबांना एकटं बाहेर सोडत नाही. ते खिडकीतून रस्त्यावरच्या बस बघत बसतात, तेव्हा माझ्याने तिकडे बघवत नाही.

म्हणून सांगतो, माझ्यासारख्याला कामाला लावा, पण आपल्या माणसाचा नंबर रोज एकदा तरी स्वतः आठवा. चुकला तर चुकू द्या, पुन्हा आठवा.

परवा अकराची वेळ नसतानाच बाबांनी कागद न बघता सगळे आकडे लावले.

"बाबा? काय झालं? काही हवंय का?" लेकीने घाबरून विचारलं.

"काही नको गं. नंबर आठवला."

तिच्या खिडकीपुढे रांग लागली असणार. कुणीतरी ओरडल्याचंही मला ऐकू आलं. तरी तिने फोन खाली ठेवला नाही.