शून्यसाहेबांचा काटा

"उतर खाली. परत चढ," साहेब म्हणाले.

"अहो, चौथ्यांदा?" बायको उतरली, पुन्हा चढली. काटा बासष्टवरच. दोन महिन्यांपूर्वी ती एकाहत्तर होती. "नऊ किलो! आणि तुमचं?"

साहेबांचं अर्धा किलो. तेही चष्मा काढून.

चालायला खरं तर डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं होतं. पोट कमी करा, नाहीतर गुडघे राजीनामा देतील. बायको आली ती नुसती सोबतीला. मग पैज लागली. ज्याचं वजन कमी उतरेल, त्याने महिनाभर भांडी घासायची. दोघांचा रस्ता एक, वेळ तीच, सकाळचा पाऊण तास. मग हिचंच कसं उतरतं? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

आता संशय घेणं हा तर साहेबांच्या पोटापाण्याचाच धंदा. वजनमापे खात्यात तीस वर्षं काढलेली. तागडीखाली चिकटवलेलं चुंबक, तळाशी भोक पाडून हलकं केलेलं वजन, सगळ्या लबाड्या त्यांनी पाहिलेल्या. दुकानात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी शून्य दाखवा." बाजारभर त्यांना शून्यसाहेबच म्हणत.

"काट्याची शून्य जुळवायची फिरकी तू फिरवलीस ना? खरं सांग."

"फिरकी तर तुम्ही माझी घेताय! हरलात तर हरलात म्हणा. रडीचा डाव खडी!"

ती हसत आत गेली. साहेब मात्र इरेला पेटले. हिला पुराव्यासकट पकडायचंच.

बुधवारी दुपारी ती बहिणीकडे गेली होती. साहेबांनी खात्याची प्रमाणित वजनं जीपमध्ये घालून घरी आणली. वीस किलोचे तीन लोखंडी ठोकळे. असं घरी आणणं नियमात बसत नाही, आणि आयुष्यात मोडलेला हा त्यांचा पहिला नियम. दुसऱ्या मजल्यावर तीन खेपा. जीव नुसता मेटाकुटीला आला.

पहिला ठोकळा ठेवला. वीस. दुसरा ठेवला. चाळीस. तिसरा ठेवला आणि साहेब गुडघे टेकून, चष्मा सावरत वाकले. बरोब्बर साठ. उतरवले, पुन्हा ठेवले. साठ. केसभरही फरक नाही.

साहेब तिथेच फरशीवर बसले. काटा खरा होता, म्हणजे नऊ किलो खरे होते.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. 'पोट भरलं' म्हणून ती रोज अर्धं ताट तसंच ठेवायची. कपडे सैल झाले म्हणून पिना लावायची. बागेतल्या बाकापाशी आली की हल्ली तीच आधी टेकायची, आणि साहेब मनात म्हणायचे, नाटकं करते. जन्मभर काट्यांवर संशय घेतला, घरातल्या माणसाकडे नीट पाहिलं नाही. "अरे, खोटा निघ ना रे," ते काट्याला म्हणाले. असं ते कुठल्याच काट्याला कधी म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुटांच्या नाड्या बांधत होती. "आज चालायला नको. दवाखान्यात जाऊ," साहेब म्हणाले.

"कशाला?"

"माझं वजन उतरत नाही, म्हणून."

"चला बाई! भांडी घासायला लागू नयेत म्हणून काय काय करतील!" म्हणत ती निघाली.

दवाखान्यात नर्सने विचारलं, "पेशंट कोण?"

"हे," बायको म्हणाली.

"आधी हिचं वजन घ्या," साहेब म्हणाले.

बायकोला काय, मिरवायलाच मिळालं. काट्यापाशी जाऊन ती नर्सला म्हणाली, "थांबा हं. आमच्या साहेबांना आधी शून्य दाखवावं लागतं."

नर्स वाकली. साहेबांनी हाताने थांबवलं.

"राहू दे. बरोबरच असेल."

बायकोचं हसू ओठांवरच राहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. साहेबांनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून स्वतःकडे घेतली, आणि ती काही न विचारता काट्यावर चढली.