गहू सोडला, गोळ्याही सोडल्या

दोन हजार पंधरा सालची गोष्ट. धनकवडीतल्या एका सोसायटीत राहणाऱ्या चंद्रभागाबाई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. तीन वर्षांपासून त्यांना संधिवात होता आणि त्यावर गोळ्या चालू होत्या. एके दिवशी मोबाइलवर निरोप आला : ‘गहू सोडा, संधिवात कायमचा जाईल!’

सून पायल हिंजवडीला आयटी कंपनीत होती. कंपनीची बस गाठण्याआधी ती रोज सासूबाईंसाठी ज्वारीच्या भाकऱ्या थापू लागली. पंधरा दिवसांत चंद्रभागाबाईंना खरंच हलकं वाटलं. त्यांनी कुणालाही न सांगता गोळ्याही बंद केल्या. वर तिसऱ्या मजल्यावरच्या, संधिवातानंच त्रासलेल्या आनंदीबाईंना जाऊन सांगितलं, “तुम्हीही गोळ्या सोडा हो. उगाच पोटात विष कशाला?”

दीड महिन्यानंतर एका सकाळी त्यांच्या हातून चहाचा कप निसटला. बोटं सुजून लाल झाली होती. पायलनं रजा टाकली आणि त्यांना सदाशिव पेठेत डॉक्टर हेमांकडे नेलं.

“गोळ्या चालू आहेत ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“बंद केल्या,” चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या. पायल थक्क झाली. “आई, मला तरी सांगायचं!”

“तू पहाटे उठून भाकऱ्या करतेस. गोळ्या सोडल्या आणि दुखणं परत आलं, भाकरीनं गुण येत नाही, असं कुठल्या तोंडानं सांगू?”

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “भाकरीनं बरं वाटत असेल तर जरूर खा. काहींना गहू सोसत नाही, त्यांना पथ्याचा फायदा होतो. तुम्हाला तसं आहे का, हे तपासता येईल. पण ती रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते, म्हणून पथ्य धरण्याआधी विचारायचं. आणि सुरुवातीला बरं वाटलं, ते आधीच्या गोळ्यांच्या अंमलानंही असेल. हा आजार सांधे आतून खराब करतो, आजी. नुसत्या पथ्यानं तो थांबेल असा भरवसा मी देऊ शकत नाही.”

चंद्रभागाबाईंच्या काळजात चर्र झालं. आनंदीबाई! घरी परतताच त्या कठड्याला धरून तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

आनंदीबाईंनी सुजलेल्या हातानं दार उघडलं.

“माझं चुकलं हो. मी डॉक्टर नाही, आणि तुम्हाला गोळ्या सोडायला सांगितल्या.”

“आठ दिवस झाले, मला वेणी घालता येत नाही,” आनंदीबाई कोरडेपणानं म्हणाल्या. “तुमच्या उपदेशाची कृपा!”

चंद्रभागाबाईंचे डोळे भरून आले. “उद्या माझ्याबरोबर चला. रिक्षा मी आणते.”

आनंदीबाईंनी दार पुरतं उघडून त्यांना आत घेतलं. मग त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “निरोप पाठवणारे शंभर असतात. चुकलं म्हणून जिना चढून कोण येतं? उपकार झाले बाई.”

दोघींच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सूज उतरायला दोन महिने लागले. काही आठवडे पुन्हा पोळ्या खाऊन केलेल्या चंद्रभागाबाईंच्या तपासणीत गव्हाचा दोष निघाला नाही, तरी रात्री त्या आवडीनं भाकरीच खातात. मात्र आता ती स्वतः थापतात.

“पायल, तू त्या दिवशी रजा टाकली नसतीस तर माझी बोटं कायमची वाकडी झाली असती गं,” त्या एकदा म्हणाल्या. पायलनं गरम भाकरीवर तूप सोडलं आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

वाचकहो, पथ्य जरूर करा, पण डॉक्टरांना विचारून आणि औषधाला धरून. आपल्याला गुण आला म्हणून दुसऱ्याचं औषध बंद करण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. आणि सल्ला चुकलाच, तर तो मागे घ्यायला स्वतः जा!