शुभेच्छुकांनी झाकलेला पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो, तळहाताएवढा. अंतराळात जायला जन्मलो आणि डोंबिवलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात काचेच्या कपाटात येऊन बसलो. मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

एमआयडीसीतल्या गुणाजींनी मला कापलं, घासलं. तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या, आंबिवलीच्या दर्शनाने माझ्यावर खास पांढरा रंग चढवला. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या छोट्या उपग्रहाच्या बाहेरच्या अंगाला मी बसणार होतो. त्यात ना पंखा, ना एसी. वर तर हवाही नाही, मग गरमी जाणार कशी? माझा पांढरा रंग ऊन परतवतो आणि आतल्या बॅटरीची उष्णता बाहेर सोडतो. वीज नको, मोटार नको. नुसतं उघडं राहायचं, एवढंच माझं काम. दर्शनाने त्यासाठी वर्षभर आकडेमोड केली होती.

उपग्रह उडवण्याआधी त्याची चाचणी व्हायची होती. तिच्याआधी कॉलेजने सोहळा केला. आमच्याकडे नाक्यानाक्यावर वाढदिवसाचे फलक लागतात आणि त्यांवर शुभेच्छुकांचे फोटो. त्याच हौसेने संस्थेच्या अध्यक्षांनी सोनेरी, चकचकीत स्टिकर छापून आणला. मधोमध त्यांचा फोटो, खाली ‘शुभेच्छुक’. आणि चिकटवायला जागा कुठली सापडली? मीच!

“सर, याच्यावर काहीच नाही लावायचं. चकचकीत काही लावलं तर गरमी आतच अडकेल,” दर्शना कळवळून म्हणाली.

“अगं, एवढ्याशा स्टिकरने काय होणारे? साहेब समोर बसलेत, आत्ता सीन नको करू,” प्रकल्पाचे साईनाथ सर कुजबुजले.

टाळ्या वाजल्या. मी गुदमरलो.

दुसऱ्या दिवशी दर्शनाने स्टिकरचा कोपरा नखाने उचलला, तर खालचा रंगही सुटू लागला. नवा रंग पक्का व्हायला आठवडा हवा होता. तिने चाचणी पुढे ढकलायची विनंती केली. सर म्हणाले, “साहेब बघायला येणारेत. फोटो दिसला नाही तर मला काय म्हणतील?”

हवा काढून घेतलेल्या पेटीत आम्हाला ठेवलं, वर सूर्यासारखा दिवा लावला. तासाभरात बॅटरी तापली, फुगली. उपग्रह नापास झाला. आमच्या जागी दुसऱ्याच कॉलेजचा उपग्रह उडाला.

साईनाथ सरांनी अहवालात काय लिहिलं ठाऊक आहे? ‘विद्यार्थिनी दर्शना हिच्या आकडेमोडीतील चूक.’ चोर सोडून संन्याशाला सुळी! तिला गटातूनही काढलं. स्टिकरचा साधा उल्लेखही नाही. तो अजून माझ्या छातीवर मिरवतो आहे आणि पाहुणे त्याच्यासोबत फोटो काढतात. मला शिसारी येते.

मित्रांनो, ज्याचं जे काम आहे ते त्याला करू द्या. आणि कधी या कपाटापाशी आलात, तर माझी धूळ पुसायची दया दाखवू नका. साईनाथ सरांना गाठा आणि सगळ्यांसमोर विचारा, अहवालातली ती ओळ कधी खोडणार?